रोल, विमान आणि क्ष-किरण

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने क्ष-किरणांवर लेख लिहावा हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. दहावीनंतर भौतिकशास्त्राशी माझा संबंध उरला नाही, आणि तो सुटला म्हणून त्या वेळी मी मनातल्या मनात नारळही फोडला होता. पण काही गोष्टी आपण शिकतो त्या आवडीने नव्हे, तर ठेच लागली म्हणून. हा लेख अशाच एका ठेचेतून जन्माला आला आहे. म्हणून आधी ती ठेच सांगतो आणि मग शास्त्राकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वी माझी आजी, आईची आई, आखातातील एका शहरात मामाकडे तीन महिने राहायला गेली होती. तिला परत आणायला उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेलो. जाताना आजोबांचा जुना कॅमेरा बरोबर घेतला. हा कॅमेरा रोलचा आहे. आजोबा गेल्यापासून तो कपाटात पडून होता. आमच्या गावातील स्टुडिओवाल्या काकांनी तो साफसूफ करून दिला आणि मी त्यात चारशे आयएसओचा कृष्णधवल रोल भरला. आठ दिवसांत छत्तीस फोटो काढले. बहुतेक सगळे आजीचे. समुद्रावर चपला हातात घेऊन उभी असलेली आजी, मामाच्या स्वयंपाकघरात पुरणपोळी लाटणारी आजी, लिफ्टला घाबरून जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिलेली आजी.

परतीच्या दिवशी काउंटरवर हातातील बॅग वजनाला जास्त भरली. रांगेत मागे माणसे खोळंबली होती. मी घाईघाईने पुस्तके, चार्जर आणि कॅमेऱ्यातून काढून ठेवलेला तो रोल असे सगळे मोठ्या सुटकेसमध्ये कोंबले. सुटकेस पट्ट्यावरून आत गेली. त्या क्षणी आपण काही चूक केली असे मला मुळीच वाटले नाही.

घरी आल्यावर रोल धुवायला दिला. दोन दिवसांनी काकांनी बोलावून घेतले. त्यांनी निगेटिव्हची पट्टी खिडकीसमोर धरली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रोल सुटकेसमध्ये टाकला होतास काय रे?" पट्टीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काळसर लाटा उमटल्या होत्या. कागदावर फोटो छापले तेव्हा त्या लाटा पांढुरक्या झाल्या आणि नेमक्या आजीच्या अंगावरून, चेहऱ्यावरून गेल्या. छत्तिसांपैकी पाच फोटोंत तिचा चेहरा धड दिसतो. त्याच वर्षी श्रावणात आजी गेली.

काकांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मला त्या दिवशी काउंटरवर ठाऊक असते तर छत्तीस फोटो शिल्लक राहिले असते. हल्ली आपल्या महाविद्यालयातील बरीच मुले पुन्हा रोलचे कॅमेरे वापरू लागली आहेत. कुणाला काकाचा, कुणाला आत्याचा कॅमेरा माळ्यावर सापडतो. ती मुले उद्या विमानात बसतील. त्यांच्यासाठी हा खटाटोप.

रोलमध्ये असते तरी काय?

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. ह्या थरात चांदीच्या क्षारांचे, म्हणजे मुख्यत्वे सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिशय सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. कॅमेऱ्याचे झाकण क्षणभर उघडते, प्रकाश आत येतो आणि ज्या स्फटिकांवर तो पडतो त्यांच्यात चांदीचे मोजके अणू मोकळे होऊन एके ठिकाणी जमतात. हा बदल इतका लहान असतो की डोळ्यांना काहीच दिसत नाही. ह्यालाच सुप्त प्रतिमा म्हणतात. पुढे अंधाऱ्या खोलीत डेव्हलपर नावाचे रसायन ह्या चिमुकल्या खुणेचा माग काढते आणि ती खूण असलेल्या स्फटिकाचे संपूर्ण चांदीत रूपांतर करते. मग फिल्म हायपोत बुडवली की ज्यांच्यावर प्रकाश पडलाच नव्हता ते स्फटिक विरघळून जातात आणि चित्र कायमचे स्थिर होते.

ह्यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की रोल कारखान्यातून बाहेर पडल्यापासून हायपोत बुडेपर्यंत तो सतत जागा असतो. आपण फोटो काढले म्हणजे त्याचे काम संपले असे त्याला वाटत नाही. जो किरण त्याच्यापर्यंत पोहोचेल त्याची तो नोंद करीत राहतो, मग तो किरण आपण बोलावलेला असो वा नसो. साध्या प्रकाशाला आपण डबीने, काळ्या कागदाने अडवू शकतो. क्ष-किरणांना डबीही अडवीत नाही आणि कागदही.

अदृश्याची नोंद

खरे पाहता क्ष-किरणांची आणि फिल्मची ओळख फार जुनी आहे. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रंटजेन ह्या शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. ते काय आहेत हे न कळल्यामुळे त्याने गणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. आपण मराठीत तेच 'क्ष' म्हणून स्वीकारले. त्याच डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीचा हात फोटोच्या काचेवर ठेवून त्यातून किरण सोडले, आणि हातातील हाडे व बोटातील अंगठी काचेवर उमटली. पुढच्याच वर्षी, १८९६ साली, फ्रान्समध्ये आंरी बेकेरेल ह्याने युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेवर ठेवले. ऊन नसतानाही काच काळवंडली. किरणोत्सर्गाचा शोध लागला तो असा, एका खराब झालेल्या फोटोच्या काचेवरून.

आपल्या देशातही ह्याचे एक सुंदर उदाहरण आहे. बिभा चौधुरी ह्या तरुण संशोधिकेने देवेंद्रमोहन बोस ह्यांच्याबरोबर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दार्जिलिंगजवळच्या उंच पर्वतांवर फोटोच्या काचा महिनोन्‌महिने ठेवल्या. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांतील कणांनी त्या काचांवर आपापल्या वाटा रेखल्या, आणि त्या वाटांवरून ह्या दोघांनी कणांचे वस्तुमान काढण्याचा प्रयत्न केला. बिभा चौधुरी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही होत्या.

आणखी एक हकीकत सांगतो. १९४५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या क्ष-किरण फिल्मवर अकारण काळे ठिपके उमटू लागले. कंपनीतील शास्त्रज्ञ ज्युलियन वेब ह्यांनी शोध घेतला तेव्हा दोष फिल्मच्या वेष्टनातील पुठ्ठ्यात निघाला. तो पुठ्ठा इंडियाना राज्यातील एका गिरणीत तयार झाला होता आणि त्यात किरणोत्सर्गी द्रव्य मिसळले होते. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली होती; तिची धूळ वाऱ्याबरोबर शेकडो कोस दूर जाऊन त्या गिरणीच्या पाण्यात उतरली होती. जगाला न सांगता केलेला स्फोट फिल्मने असा टिपून ठेवला. ज्या वस्तूची जाणीव एवढी तीक्ष्ण, तिला आपण सुटकेसमध्ये टाकून यंत्राच्या हवाली करतो!

ही तपासणी आली कोठून?

यंत्राला बोल लावण्यापूर्वी ते तेथे का बसले आहे हे पाहणे न्याय्य ठरेल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस विमाने पळविण्याचे प्रकार जगभर वाढले. अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडे ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले आणि पुढे तेथेच जाळण्यात आले. त्या काळी मुख्य धास्ती होती ती पिस्तूल किंवा सुरा घेऊन विमानात चढणाऱ्या माणसाची. म्हणून तपासणी हातातील सामानाची होई.

पुढे संकटाचे रूप पालटले. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर असताना स्फोटाने फुटले. ३२९ माणसे गेली. बाँब कुणाच्या हातात नव्हता. तो विमानाच्या पोटातील सामानात होता, आणि ज्याच्या नावे ते सामान होते तो माणूस विमानात चढलाच नव्हता. टोरांटोच्या विमानतळावर त्या दिवशी सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र बंद पडले होते. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन अ‍ॅम कंपनीचे विमान कोसळले. तेथेही बाँब सुटकेसमधील एका रेडिओत दडवला होता. विमानात व जमिनीवर मिळून २७० जण दगावले.

ह्या दोन घटनांनंतर विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाकडे कसून पाहणे अपरिहार्य ठरले. रुग्णालयात मेंदूचे छायाचित्र घेण्यासाठी जे सीटी स्कॅन यंत्र वापरतात त्याच तत्त्वावर सामानासाठी यंत्रे तयार झाली आणि १९९४ साली अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली. माझ्या आजीचे फोटो ज्याने पुसले ते यंत्र ह्या कुळातले. ते तेथे नसावे असे मी म्हणणार नाही. 'कनिष्क'मधल्या माणसांच्याही घरी कुणाच्या तरी आजीचे फोटो असतील.

दोन यंत्रे, दोन स्वभाव

विमानतळावरील यंत्रे फिल्मच्या दृष्टीने दोन प्रकारची आहेत, आणि सगळा घोटाळा हा भेद न कळल्यामुळे होतो.

पहिला प्रकार आपल्या सर्वांच्या ओळखीचा. बॅग पट्ट्यावरून एका बोगद्यात शिरते, एका बाजूने क्ष-किरणांचा पंख्यासारखा पातळ झोत तिच्यातून जातो आणि दुसऱ्या बाजूच्या पडद्यावर तिचे चित्र उमटते. कापड, कागद, अन्न अशा वस्तू नारिंगी दिसतात, तर धातू निळे. हा झोत बॅगेतून एकदाच, आणि थोड्या वेळासाठी जातो. म्हणून फिल्मला होणारा उपद्रव कमी असतो. चारशे किंवा त्याहून कमी आयएसओचा रोल ह्या यंत्रातून दोनचार वेळा गेला तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही. यंत्रावर 'फिल्मसाठी सुरक्षित' अशी पाटी असते ती ह्याच अर्थाने खरी मानावी.

दुसरा प्रकार सीटी यंत्राचा. ह्यात किरणांचे उगमस्थान सामानाभोवती गरगर फिरते आणि शेकडो कोनांतून चित्रे घेते. संगणक ती सर्व चित्रे जुळवून बॅगेचे घनाकार रूप उभे करतो. मग अधिकारी ते पडद्यावर हवे तसे फिरवून पाहू शकतो. एका चित्राऐवजी शेकडो चित्रे म्हटल्यावर किरणांची मात्राही वाढणारच. पोटातील सामानासाठीच्या काही यंत्रांत तर आधी साधी पाहणी होते आणि जेथे एखादी घट्ट, दाट वस्तू आढळते तेथे अधिक तीव्र, अरुंद झोत रोखला जातो. असा झोत गुंडाळलेल्या रोलमधून आरपार गेला की एकावर एक असलेल्या सगळ्या वेढ्यांवर त्याची खूण पडते. रोल उलगडल्यावर त्या खुणा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात. सुमारे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंदीचे, कडा पुसट असलेले पट्टे, कधी सरळ, कधी नागमोडी. आमच्या निगेटिव्हवरील लाटांचे हे रहस्य. काकांनी ते एका दृष्टिक्षेपात ओळखले, कारण कॅमेऱ्यात प्रकाश शिरून झालेला डाग असा लाटेसारखा नसतो.

इतके दिवस नियम सोपा होता : रोल हातातील बॅगेत ठेवा, बाकी चिंता नको. आता तो तेवढा सोपा राहिलेला नाही. अमेरिकेत २०१९ पासून हातातील सामानासाठीही सीटी यंत्रे बसविण्यात येऊ लागली आणि युरोपातील अनेक विमानतळांवर ती आहेत. आपल्याकडे दिल्ली व बंगळुरू येथे त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. प्रवाशाला त्यांचा मोठा फायदा असा, की लॅपटॉप व पाण्याची बाटली बॅगेतून बाहेर काढावी लागत नाही. पण फिल्म तयार करणाऱ्या कंपन्यांचा सल्ला स्पष्ट आहे : न धुतलेला रोल सीटी यंत्रातून एकदाही जाऊ देऊ नये.

अधिक वेगवान, अधिक हळवा

फिल्मच्या डबीवर १००, २००, ४००, ८०० असे आकडे असतात. हा त्या फिल्मचा वेग. आकडा दुप्पट झाला की निम्म्या प्रकाशात फोटो निघतो. वेग वाढविण्यासाठी स्फटिक मोठे किंवा अधिक संवेदनशील करावे लागतात. पण जो स्फटिक प्रकाशाला लवकर दाद देतो तो क्ष-किरणांनाही लवकर दाद देतो. भिडस्त माणसासारखी त्याची अवस्था असते. सज्जनाला नाही म्हणता येत नाही, आणि दुर्जनालाही.

शिवाय क्ष-किरणाचा एक कण साध्या प्रकाशाच्या कणापेक्षा हजारो पटींनी शक्तिमान असतो. प्रकाशाचे काही कण एकापाठोपाठ पडावे लागतात तेव्हा एक स्फटिक जागा होतो. क्ष-किरणाचा एकच कण स्फटिकात जिरला तरी ते काम उरकते. सुदैव एवढेच, की बहुतेक क्ष-किरण कुठेच न जिरता पट्टीतून सरळ निघून जातात.

ह्यातून जी हानी होते तिला छायाचित्रकार 'फॉग' म्हणतात. शब्द समर्पक आहे, कारण परिणाम धुक्यासारखाच असतो. आणि तो आधी दिसतो तो चित्रातील अंधाऱ्या भागांत. जेथे मुळात प्रकाश थोडा होता तेथे निगेटिव्ह जवळजवळ कोरी असते. कोऱ्या पाटीवर पुसट रेघही उठून दिसते, भरलेल्या पाटीवर ती हरवते. म्हणून छापलेल्या फोटोत काळे केस करडे होतात, सावल्यांतील बारकावे जातात, दाणे भरड दिसतात. रोल धुताना मुद्दाम जास्त वेळ डेव्हलपरमध्ये ठेवून त्याचा वेग वाढविण्याची जी युक्ती आहे, तिने हे धुकेही वाढते.

दुसरी गोष्ट, हा हिशेब साठत जातो. आज एक, उद्या एक असे किरण पडत राहिले की बेरीज होते. मधल्या काळात रोल विसावा घेऊन पूर्ववत होत नाही. दोन विमाने बदलून परदेशी जाऊन परत आले तर तपासण्या सहज पाच-सहा होतात. आणि केवळ विमानतळच का मोजावा? मुंबई-दिल्लीच्या मेट्रो स्थानकांवर रोज सकाळ-संध्याकाळ आपली बॅग अशाच बोगद्यातून जाते. एकेक रोल महिनाभर पुरवून वापरणारा विद्यार्थी कॅमेरा दप्तरात घेऊन रोज मेट्रोने ये-जा करीत असेल, तर त्याच्या रोलने विमान न पाहताही पन्नास वेळा क्ष-किरण पाहिलेले असतात! तेव्हा कॅमेरा हातात घेऊन तो पाहण्याची विनंती करणे बरे.

काही गैरसमज

काही समजुती दूर करायला हव्यात. धुतलेल्या निगेटिव्हला, छापलेल्या फोटोला क्ष-किरणांनी काही होत नाही. हायपोनंतर नोंद करणारे स्फटिक उरतच नाहीत. मोबाइल व डिजिटल कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरील फोटोंनाही हे किरण बाधत नाहीत. आपण ज्या चौकटीतून चालत जातो ती धातुशोधक चौकट चुंबकीय क्षेत्रावर चालते. रोल खिशात असला तरी तिच्यापासून भय नाही. उलट लगेच फोटो देणाऱ्या इन्स्टंट कॅमेऱ्याची फिल्म सुरक्षित असते असे अनेकांना वाटते, ते चूक आहे. इन्स्टॅक्स फिल्म आठशे आयएसओची असते, म्हणजे चांगलीच हळवी. वापरून टाकून देण्याच्या स्वस्त कॅमेऱ्यांतही बहुधा चारशे किंवा आठशेची फिल्म असते.

शिशाच्या पिशवीविषयीही असेच. ह्या पिशवीत रोल ठेवला की किरण आत पोहोचत नाहीत किंवा कमी पोहोचतात हे खरे. परंतु पडद्यावर ती पिशवी काळ्या ठोकळ्यासारखी दिसते, आणि ज्याच्या आतले दिसत नाही ते पाहणे हे तर तपासनिसाचे कामच. तो बॅग उघडायला लावणार किंवा पुन्हा यंत्रात घालणार. पोटातील सामानात तर अशी दाट वस्तू त्या तीव्र झोताला आमंत्रणच ठरते. म्हणून शिशाच्या भरवशावर रोल सुटकेसमध्ये टाकू नये.

मग करावे काय?

पहिला आणि शेवटचा नियम : न धुतलेला रोल, वापरलेला असो की कोरा, सुटकेसमध्ये कधीही टाकू नये. काउंटरवर वजन जास्त भरले तर पुस्तके टाका, खाऊ टाका, प्रसंगी दोन पैसे जास्त भरा.

हातातील रोल खोक्यांतून व अपारदर्शक डब्यांतून काढून एका स्वच्छ पारदर्शक पिशवीत ठेवावेत. तपासणीच्या रांगेत बॅग पट्ट्यावर ठेवण्यापूर्वीच ती पिशवी हातात घ्यावी आणि रोल हाताने तपासण्याची विनंती करावी. यंत्र सीटीचे आहे का, हेही विचारावे. अधिकारी रोल पाहतात, कधी कापडाची पट्टी त्यांवरून फिरवून ती स्फोटकांच्या अंशासाठी तपासतात आणि परत देतात. अमेरिकेत प्रवाशाने मागणी केली तर फिल्म हाताने तपासावी असा नियमच आहे. सर्वत्र तसे नाही. आपल्याकडे व्यवहारात ते समोरच्या अधिकाऱ्याच्या विवेकावर असते. म्हणून वेळेच्या आधी पोहोचावे, गर्दी नसताना विचारावे आणि नम्रपणे विचारावे. हुज्जत घालून कुणाचा रोल वाचल्याचे मी ऐकलेले नाही. नकार मिळालाच आणि यंत्र साध्या प्रकारचे असेल, तर शंभर-दोनशे-चारशेचा रोल निर्धास्तपणे जाऊ द्यावा. विनंतीचे बळ आठशे आणि त्यावरच्या रोलसाठी राखून ठेवावे.

कॅमेऱ्यात अर्धवट रोल ठेवून प्रवास करू नये. कॅमेरा यंत्रातून जातो हा एक धोका. पण त्याहून मोठा धोका असा, की एखादा चौकस अधिकारी आत काय आहे हे पाहण्यासाठी कॅमेऱ्याची पाठच उघडतो. मग क्ष-किरणांची गरजच उरत नाही! राहिलेले फोटो काढून टाकावेत आणि रोल गुंडाळून घ्यावा.

मुक्काम मोठा असेल तर उत्तम उपाय म्हणजे रोल तेथेच धुवून घेणे. धुतलेली निगेटिव्ह सुटकेसमध्ये टाका, हरकत नाही. रोल टपालाने पाठवावा असेही काही जण सुचवितात. परंतु परदेशी टपालाचीही क्ष-किरण तपासणी होऊ शकते, तेव्हा ती वाट बिनधोक नव्हे.

आता कुणी म्हणेल, एवढ्या उठाठेवी करण्यापेक्षा मोबाइलवर फोटो काढावा. म्हणणे रास्त आहे. एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स ह्या सरकारी कारखान्यात 'इंदू' नावाची फिल्म निघे. तो कारखानाही आता राहिला नाही. कोडाक्रोम ह्या प्रसिद्ध रंगीत फिल्मचे उत्पादन २००९ साली थांबले. तिचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी ह्या छायाचित्रकाराला मिळाला. तो घेऊन तो विमानाने आपल्या देशातही आला, येथील काही चेहरे त्याने त्यावर टिपले, आणि शेवटी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात तो रोल धुतला गेला. मोजून छत्तीस फोटो! त्यांतला एकही पुन्हा काढता येण्यासारखा नव्हता. मॅककरीच्या रोलला जगाच्या दृष्टीने मोल होते, माझ्या रोलला फक्त आमच्या घराच्या दृष्टीने. परंतु क्ष-किरणांना हा भेद कळत नाही, आणि हरवल्यानंतर आपल्यालाही तो फारसा कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा विमानाने गेलो. ह्या वेळी तीन रोल पारदर्शक पिशवीत घालून हातात धरले होते. तपासणीच्या टेबलावरील मध्यमवयीन जवानाने पिशवी उचलून पाहिली आणि विचारले, "रील? अजून मिळतात?" मी होय म्हटले. त्याने एकेक रोल बोटांत फिरवून पाहिला, पिशवी यंत्राच्या बाजूने हळूच पलीकडे सरकवली आणि म्हणाला, "आमच्या गावी वडिलांचा एक फोटो आहे, असल्याच रीलवरचा. एकच आहे." मागची रांग पुढे सरकली, आणि मीही सरकलो.

आजीचे ते पाच फोटो आता आमच्या बैठकीच्या खोलीत आहेत. त्यांतल्या एकात ती जिन्याचा कठडा धरून उभी आहे आणि कॅमेऱ्याकडे पाहून रागावते आहे. फोटोच्या खालच्या कोपऱ्यातून एक पांढुरकी लाट गेली आहे. ती तिच्या पायांपर्यंत येऊन थांबते. काका म्हणाले होते, ही लाट छापताना झाकता येईल. आईने नको म्हणून सांगितले.